"आज नको" म्हणणाऱ्या बाईंचा हक्क आणि तुझं काम

पत्र

ताई, नमस्कार.

मी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात राहते. गेल्या वर्षी पीएसडब्ल्यूचा (पर्सनल सपोर्ट वर्कर, म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण अशा देखभालीत मदत करणारी व्यक्ती) कोर्स पूर्ण केला आणि चार महिन्यांपासून एका एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन काम करते. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी एका ८६ वर्षांच्या बाईंकडे असते. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्ट्रोक झाला. डावी बाजू कमजोर आहे, वॉकर धरून चालतात. आठवण कधी लख्ख असते, कधी मला ओळखतही नाहीत. केअर प्लॅनमध्ये दोन्ही दिवस अंघोळ लिहिली आहे. पण तीन आठवडे झाले, मी गेले की त्या म्हणतात, "आज नको." त्यांची मुलगी त्याच घरात राहते. ती म्हणते, "तिला विचारूच नकोस, सरळ बाथरूममध्ये ने. विचारलं की ती नाहीच म्हणणार."

गेल्या गुरुवारी मी तेच केलं. हात धरून थोडं ओढलंच म्हणा. त्या रडल्या. मी अंघोळ घातली, पुसलं, कपडे घातले आणि चार्टमध्ये 'अंघोळ झाली' असं लिहून निघाले. रात्रभर झोप लागली नाही.

सोमवारी कपडे बदलताना त्यांच्या डाव्या दंडावर निळसर डाग दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "पडले." मुलगी म्हणाली, "पडली वगैरे नाही, तिला लगेच डाग उठतात." मी कुणाला काही बोलले नाही. शिवाय हल्ली मुलगी गोळ्या कुटून ॲपलसॉसमध्ये घालून ठेवते आणि मला म्हणते, भरव, सांगू नकोस.

क्लायंटचे हक्क मी परीक्षेसाठी तोंडपाठ केले होते. नाडी, तापमान, हात धुणं, उचलण्याची पद्धत, सगळं येतं. पण त्या बाथरूममध्ये हक्कांचा तो धडा आठवलाच नाही. मी वाईट आहे का? आता काय करू?

– एक वाचक

उत्तर

तू मला ताई म्हटलंस म्हणून मी तुला 'तू' म्हणते.

आधी दोन गोष्टी वाचकांना सांगते. हे सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं पत्र नव्हतं, म्हणून त्याच रात्री तुला कळवलं की सकाळी उठल्याबरोबर सुपरवायझरला फोन कर. तू केलास आणि नर्स बघायला येणार असल्याचंही कळवलंस. बरं वाटलं. दुसरं म्हणजे तुझ्या पत्रात त्या बाईंचं पहिलं नाव होतं आणि त्यांच्या रस्त्याचंही. दोन्ही मी काढली. रागावून सांगत नाही. मन भरून आलं की आपण सगळंच ओततो. पण ओंटारियोत २००४ पासून आरोग्याच्या खासगी माहितीचा कायदा आहे आणि एजन्सीसाठी काम करताना क्लायंटच्या तब्येतीबद्दल आणि देखभालीबद्दल तुला कळलेलं, त्यांची ओळख पटेल असं सगळं त्यात येतं. मैत्रिणीला सांगताना, नवऱ्याशी बोलताना, मला लिहितानाही. नाव नको, रस्ता नको, फोटो तर कधीच नको.

आता त्या डागाबद्दल. तुला टोचेल, पण मी वळसा घालणार नाही. तू गुरुवारी हात धरून ओढलंस आणि सोमवारी दंडावर डाग दिसला. तो तुझ्या बोटांचा असू शकतो. त्या खरंच पडल्या असतील, हेही शक्य आहे. स्ट्रोक झालेल्या पुष्कळ लोकांना रक्त पातळ करणारी औषधं चालू असतात आणि त्यांच्या त्वचेवर जराशा धक्क्यानेही डाग उठतात, म्हणजे मुलगीही खोटं बोलत नसेल. किंवा चौथंच काही असेल. यातलं नेमकं काय, हे ठरवणं तुझं काम नाही. जे दिसलं ते दिसलं तसं सांगायचं: डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, साधारण एवढ्या आकाराचा, निळा-जांभळा, सोमवारी सकाळी इतक्या वाजता पाहिला. त्यांचे शब्द त्यांच्याच तोंडचे, मुलीचे शब्द मुलीच्या तोंडचे. आणि त्याच दमात हेही सांगायचं की गुरुवारी मी त्यांचा हात धरून त्यांना बाथरूमकडे ओढत नेलं होतं. शेवटचं वाक्य गाळलंस तर उरलेलं सगळं खोटं ठरतं. तपासणारी माणसं मुलीकडे बोट दाखवत बसतील आणि खरं कारण तुझ्या पोटात राहील.

"पडले" हा एक शब्दही नुसता कळवण्यासारखाच आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी म्हातारी व्यक्ती पडली आणि डोकं आपटलं, तर आत हळूहळू रक्तस्राव होऊ शकतो आणि तो काही तासांनी, कधी काही दिवसांनी कळतो. जास्त झोप, बोलण्यात गोंधळ, उलटी, डोकेदुखी, चालण्यात नवा तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर सुपरवायझरची वाट न पाहता ९११ या तातडीच्या नंबरला फोन.

आणि तो डावा हात. स्ट्रोकनंतर कमजोर बाजूचा खांदा धरून ठेवणारे स्नायू सैल पडतात. त्या हाताला ओढ दिली की सांधा जागचा सरकू शकतो आणि खूप दुखतं. कोर्समध्ये हे शिकवतात, तूही शिकली असशील: कमजोर हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही, कपडे घालताना कमजोर बाजू आधी आणि काढताना शेवटी. तू लिहिलंस की आरोग्याचा धडा येतो पण हक्कांचा आठवला नाही. मला वाटतं गुरुवारी दोन्ही एकदमच हातून सुटले. त्यांचं "नको" तू ऐकलं असतंस तर तो हात ओढलाच गेला नसता. हक्क आणि आरोग्याच्या मूळ गोष्टी वेगवेगळ्या वह्यांत लिहून घेतल्यामुळे हे दोन विषय आहेत असं आपल्याला वाटत राहतं. त्या बाईंना मात्र एकच शरीर आहे. त्याचं "नको" आणि त्याचा खांदा एकाच ठिकाणी असतात.

तू वाईट नाहीस. पण गुरुवारी जे झालं ते चुकीचं झालं आणि त्याला त्याच्या नावाने ओळखायला हवं. कॅनडाच्या क्रिमिनल कोडमध्ये असॉल्टची, म्हणजे हल्ल्याची, व्याख्या संमतीशिवाय दुसऱ्यावर जाणूनबुजून बळ वापरणं, अशी सुरू होते. त्यात 'अंघोळीसाठी असेल तर चालेल' अशी सूट नाही. तुझ्यावर कुणी खटला भरेल म्हणून हे सांगत नाही. चार महिन्यांपूर्वीच या कामात आलेल्या मुलीला हे कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं, म्हणून सांगते.

हे तुझ्या हातून का झालं, याचा मी खूप विचार केला, कारण पहिल्या वर्षी माझ्याही हातून असंच होत असे. आपण आग्रहाच्या घरातून आलेलो असतो. आपल्याकडे माया मोजायची ती आग्रहाने. ताटावर आडवा हात धरून "नको, नको" म्हणणाऱ्याला वाढायचंच. पहिल्याच "नको"ला थांबलो तर पाहुणा मनात म्हणतो, धड विचारलंसुद्धा नाही. आजारी सासऱ्यांना दोन घास जास्त भरवले की सून चांगली. म्हाताऱ्या माणसाचं "नको" हे आपल्या कानाला "जरा आग्रह कर" असंच ऐकू येतं. तू क्रूर नव्हतीस, तू आग्रह करत होतीस. त्या मुलीच्या म्हणण्याने त्या आग्रहाला वरून धक्का मिळाला, इतकंच. पण या कामात "नको" म्हणजे नको. ते नको समजून घ्यायला आपल्याला बाकीच्यांपेक्षा जरा जास्त कष्ट पडतात, कारण लहानपणापासूनचा कान बदलायचा असतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण मुलीशी बोलताना तुला त्याचा आधार लागेल. ओंटारियोच्या १९९२च्या सब्स्टिट्यूट डिसिजन्स ॲक्टप्रमाणे १६ वर्षांची किंवा त्याहून मोठी प्रत्येक व्यक्ती स्वतःच्या देखभालीबद्दल हो किंवा नाही म्हणायला सक्षम आहे, असंच धरून चालायचं. देखभाल म्हणजे काय, हेही त्यात सांगितलं आहे: आरोग्य, आहार, निवारा, कपडे, स्वच्छता आणि सुरक्षितता. स्वच्छता त्यात आहे, म्हणजे अंघोळ त्यात आहे. वय ८६ आहे, स्ट्रोक झालाय, कधीकधी नाव विसरतात, एवढ्यावरून सक्षमता जात नाही. समोरची माहिती समजते का आणि ठरवलं त्याचा परिणाम काय होईल हे उमगतं का, एवढाच प्रश्न असतो. तोही त्या निर्णयापुरता आणि त्या वेळेपुरता. बँकेचे कागद समजत नसतील, पण आज अंगावर पाणी नको हे पक्कं कळत असेल.

मुलगी आपोआप त्यांच्या जागी निर्णय घेणारी होत नाही. आईने तिच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी फॉर पर्सनल केअर, म्हणजे देखभालीचे निर्णय सोपवणारं अधिकारपत्र, केलेलं असलं तरी ते लागू होतं ते आई तो निर्णय घ्यायला सक्षम नसेल तेव्हाच. आणि तेव्हासुद्धा मुलीने आईच्या आधीच्या इच्छेप्रमाणे, आईच्या हिताचं ठरवायचं असतं, तिला होईल तितकं सामील करून घ्यायचं असतं. तो कागद म्हणजे पीएसडब्ल्यूला ओढून न्यायचा परवाना नव्हे. तसा कागद आहे की नाही हे तू विचारत बसू नकोस, ते एजन्सीच्या नोंदीत असायला हवं. त्यांनाच विचार.

घरी मिळणाऱ्या सेवेसाठी रुग्णांच्या हक्कांची सनद आहे. तुझ्या कोर्समध्ये जुन्या १९९४च्या कायद्याचं नाव आलं असेल, पण २०२२ पासून ती कनेक्टिंग केअर ॲक्टच्या नियमांत आहे. आदराने वागवलं जाणं, कुठल्याही प्रकारच्या छळापासून मुक्त असणं, खासगीपणा, आपल्या आवडीनिवडी, भाषा आणि संस्कृती लक्षात घेतली जाणं, सेवेला संमती देणं किंवा नाकारणं, आणि सूड उगवला जाईल ही भीती न बाळगता तक्रार करणं. परीक्षेत हे सगळं तू बरोबर लिहिलंस, मला खात्री आहे.

पण ते कागदावर असणं का गरजेचं आहे, याचं एक चित्र डोळ्यांसमोर ठेव. मे २०२०मध्ये कोविडच्या लाटेत कॅनडाच्या लष्कराची माणसं ओंटारियोतल्या पाच लाँग-टर्म केअर होम्समध्ये, म्हणजे कायम देखभाल लागणाऱ्यांच्या निवासांत, मदतीला गेली आणि तिथे जे दिसलं त्याचा त्यांनी अहवाल दिला. आठवडेच्या आठवडे अंघोळ नाही, मळलेले ब्रीफ (मोठ्यांचे डायपर) तसेच अंगाला, खोल्यांत झुरळं. आणि जबरदस्तीने भरवल्यामुळे ठसके लागणारे, गुदमरणारे रहिवासी. म्हणजे दुर्लक्ष आणि जबरदस्ती एकाच छताखाली होती. पुढे २०२१चा नवा लाँग-टर्म केअरचा कायदा आला, त्यात रहिवाशांचे २९ हक्क आहेत. नियमांत आठवड्यातून किमान दोन वेळा अंघोळ आहे, पण रहिवाशाला हव्या त्या पद्धतीने. टबमध्ये, शॉवरखाली, की नुसतं अंग पुसून, हे त्याने ठरवायचं. हे दोन्ही एकत्र वाच: दोन वेळा, आणि त्याच्या पद्धतीने. तुझ्या बाई स्वतःच्या घरात आहेत, तो नियम त्यांना थेट लागू नाही. पण त्यातला विचार तुझ्या गुरुवारच्या अडचणीवर अगदी नेमका बसतो.

म्हणून "नको" ऐकलं की काम संपलं, असंही नाही. तिथून ते सुरू होतं. "ठीक आहे" म्हणून कोट घालून निघून जाणं हेही दुर्लक्षच. तीन आठवडे "नको" म्हणताहेत, तर कशाला नको? पाण्याला, थंडीला, उघडं होण्याला, की तुझ्या घाईला?

माझ्याकडे एक बाई होत्या. शिक्षिका होत्या, फार स्वाभिमानी. शॉवर म्हटलं की खुर्चीचे हात घट्ट धरून बसायच्या. दोन महिने आम्ही सगळ्याजणी चार्टमध्ये 'नकार' लिहीत होतो. एक दिवस मी अंघोळीचं नाव न काढता नुसतं विचारलं, त्या बाथरूममध्ये तुम्हाला काय आवडत नाही? बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, खुर्ची. मी जाऊन शॉवर चेअरवर हात ठेवून पाहिला. बर्फासारखी होती. वरचा शॉवर सुरू केला की पहिलं पाणी थंडच यायचं, आणि ते थेट तोंडावर. आम्ही सगळ्या कपडे घातलेल्या, पायात बूट, आणि त्या उघड्या, थंड प्लॅस्टिकवर. दुसऱ्या दिवशी खोली आधी गरम केली, खुर्चीवर टॉवेल पसरला, खांद्यांवर दुसरा मोठा टॉवेल दिला तो काढलाच नाही, त्याच्याखालून धुतलं. हँड शॉवर त्यांच्या हातात दिला. पाणी आधी माझ्या मनगटावर पाहिलं, मग त्यांच्या हातावर, मग पावलांपासून वर. तोंड त्यांनी स्वतः ओल्या कापडाने पुसलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या बाथरूममधून आपणहून बोलत बाहेर आल्या.

तुझ्या बाईंचा उजवा हात चांगला आहे. तो वापर. शॉवर त्यांच्या उजव्या हातात असू दे. शॉवर नकोच असेल तर सिंकपाशी बसवून तोंड, काखा, स्तनांखालची घडी, जांघा, मागचा भाग आणि पावलं एवढं कोमट पाण्याने झालं तरी त्या दिवसापुरतं पुष्कळ आहे. अंघोळीचं खरं कारण त्वचा कोरडी, स्वच्छ आणि अखंड राहणं आणि ती कुणीतरी नीट पाहणं हे आहे. माकडहाड, टाचा, नितंबांची हाडं, कोपर: लालसर जागा बोटाने दाबून सोडली आणि पांढरी न होता तशीच लाल राहिली, तर तो बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, सुरू झाल्याचा इशारा. त्वचा गडद असेल तर रंगापेक्षा गरमपणा, कडकपणा किंवा दुखणं बघायचं. हे सिंकपाशीही पाहता येतं. हातमोजे मागच्या भागानंतर बदल, आणि काढल्यावर हात धू. हे तुला येतं, त्यावर वेळ घालवत नाही.

एक गोष्ट मात्र सुटायला नको होती. आधी अंघोळ करत असलेली व्यक्ती अचानक तीन आठवडे नाही म्हणते, हा बदल आहे आणि बदल कळवायचा असतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, सांध्याचं दुखणं, नैराश्य, पडण्याची धास्ती, नवा छोटा स्ट्रोक, यातलं काहीही "आज नको" या दोन शब्दांत लपलेलं असू शकतं. खांदा आधीपासूनच दुखत असेल तर? निदान नर्स आणि डॉक्टर करतील. पण आठवड्यातून दोनदा त्यांना जवळून बघणारी तूच आहेस. तू पहिल्याच आठवड्यात फोन केला असतास तर कदाचित गुरुवार आलाच नसता.

गोळ्यांचं उत्तर सरळ आहे: नाही. कुटून, लपवून, न सांगता भरवायचं नाही. औषध हा उपचार आहे आणि १९९६च्या हेल्थ केअर कन्सेंट ॲक्टप्रमाणे उपचाराची संमती माहिती देऊन, स्वखुशीने आणि फसवणूक न करता मिळालेली असावी लागते. ॲपलसॉसमध्ये लपवलेली गोळी यात कशी बसेल? शिवाय प्रत्येक गोळी कुटायची नसते. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. आतड्यात विरघळावी म्हणून वर लेप दिलेली गोळी कुटली की तो लेपच निकामी होतो. तू रेग्युलेटेड प्रोफेशनल नाहीस. औषधाबाबत तू काय करायचं, काय नाही, हे केअर प्लॅन, तुझं प्रशिक्षण आणि एजन्सीचे नियम ठरवतात. क्लायंटची मुलगी ठरवत नाही. तिला एवढंच सांग: "मला हे करता येत नाही. पण त्या गोळ्या घेत नाहीत हे नर्सला आजच कळवते, फार्मासिस्टला विचारून पातळ औषध किंवा दुसरा मार्ग निघू शकतो." आणि खरंच कळव.

गोळ्या नको म्हणण्यामागे गिळायला त्रास होणं हेही कारण असू शकतं, स्ट्रोकनंतर ते नेहमीचंच. पाणी पिताना खोकला येतो का, खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का, कमजोर बाजूच्या गालात घास साचून राहतो का, बघ. खाताना ताठ बसवायचं आणि नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. यातलं काही दिसलं की तेही त्याच फोनवर.

आता मुलीबद्दल. तिच्यावर राग धरू नकोस. तू आठवड्यातून दोन सकाळी असतेस, बाकीचा सगळा वेळ तीच असते. आईच्या अंगाला वास येऊ नये, गोळ्या चुकू नयेत, या धास्तीने ती हे बोलते, निदान वरवर तरी असंच दिसतं. तिला ओरडू नकोस, कायदा वाचून दाखवू नकोस. "तुम्ही दमलात हे मला दिसतंय" असं म्हण, आणि ओंटारियो हेल्थ ॲटहोम या घरच्या देखभालीची सोय लावणाऱ्या सरकारी संस्थेच्या केअर कोऑर्डिनेटरचं नाव काढ. १९८४च्या कॅनडा हेल्थ ॲक्टमध्ये हॉस्पिटल आणि डॉक्टरची जशी हमी आहे तशी घरच्या देखभालीची नाही, प्रांत देईल तेवढी ती मिळते. म्हणून तास तोकडे पडतात, आणि तोकड्या तासांमुळे घाई होते, आणि घाईतून हात ओढला जातो. पण पुन्हा मूल्यमापन मागता येतं, मुलीला विसावा मिळावा म्हणून रेस्पाइटही मागता येतं. मागायला हवं हेच पुष्कळांना माहीत नसतं. सेवेबद्दल तक्रार असेल तर आधी एजन्सी, मग कोऑर्डिनेटर आणि तिथेही समाधान झालं नाही तर रुग्णांच्या तक्रारी ऐकणारा पेशंट ओम्बड्समन, हेही तिला सांग. तक्रार तुझ्याविरुद्ध असली तरी सांग. तो त्यांचा हक्क आहे.

आणि राग नसला तरी डोळे उघडे ठेव. लाँग-टर्म केअर होममध्ये छळाचा रास्त संशय आला तरी ताबडतोब कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, रिटायरमेंट होममध्येही. स्वतःच्या घरात राहणाऱ्या सज्ञान माणसाबाबत ओंटारियोत तसं सरसकट बंधन नाही, म्हणूनच तिथे पीएसडब्ल्यूचा फोन जास्त मोलाचा. एजन्सीचं त्याबाबत धोरण असतं, ते मागून घेऊन वाच. बाईंशी दोन मिनिटं मुलगी जवळ नसताना बोलायला मिळतं का, हेही सुपरवायझरला विचार.

चार्ट दुरुस्त कर. 'अंघोळ झाली' खोडायचं नाही, व्हाइटनर नाही. आजची तारीख आणि वेळ टाकून उशिरा केलेली नोंद म्हणून लिही: "गुरुवारी क्लायंटने अंघोळीला नकार दिला. मी हात धरून बाथरूममध्ये नेलं. क्लायंट रडल्या. अंघोळ पूर्ण केली. सुपरवायझरला अमुक तारखेला कळवलं." असं लिहिताना हात थरथरेल. नोकरी जाईल का, हेही मनात येईल. जाणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण चार महिन्यांत स्वतःहून चूक सांगणारी मुलगी कुठलाही शहाणा सुपरवायझर गमावणार नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि चार्टमध्ये खोटं लिहून राखलेली नोकरी तुला झोपू देत नाही, हे तूच लिहिलं आहेस.

एजन्सी काही दिवस दुसऱ्या कुणाला तिथे पाठवेल, तुला पुन्हा प्रशिक्षण देईल. अपमान समजू नकोस. पण तुलाही मागायचं असेल ते माग: नकार आला तर काय करायचं हे केअर प्लॅनमध्ये लिहून हवं, मुलीशी सुपरवायझरनेच बोलावं, तुझी वेळ पंधरा मिनिटांनी वाढवावी.

जेव्हा केव्हा तू पुन्हा त्या घरात जाशील, तेव्हा बाथरूमकडे बघूही नकोस. खुर्ची ओढून त्यांच्या समोर, त्यांच्या चांगल्या बाजूला, नजरेच्या पातळीवर बस. तुमचं नाव कसं घेतलेलं आवडेल, हे पहिल्या दिवशी विचारलं होतंस का? नसेल तर आता विचार. इंग्रजीत अहो-जाहो नाही, तो मान आवाजात आणि हातांत आणावा लागतो. 'स्वीटी', 'डिअर' नको. मग माफी माग: "त्या गुरुवारी तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं." त्यांना तो गुरुवार आठवत नसेल, तुझ्याकडे कोऱ्या नजरेने बघतील, तरी माग. कदाचित हातच मागे घेतील. घेऊ देत.

त्यानंतर विचार, आज काय करूया. आणि थांब. स्ट्रोकनंतर उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो, आपण त्याआधीच पुढचं वाक्य बोलून मोकळ्या होतो. मनात दहापर्यंत आकडे मोज, सावकाश. काय म्हणाल्या ते मला कळव, नावाशिवाय.

– तुझी ताई